बॅनरवर नावाआधी ‘ला.’ आणि ‘रो.’ का लिहितात? नेत्यांचं आणि क्लबांचं नातं थेट १८४३ पासूनचं

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून हिल रोडकडे चालत निघा. वाढदिवसाचे, दहीहंडीचे आणि ‘आमच्या लाडक्या नेत्याचे हार्दिक अभिनंदन’वाले बॅनर ओलांडले की एखादा वेगळा बॅनर दिसतो. मोफत नेत्रतपासणी शिबिर, चष्मे वाटप, रक्तदान. खाली हसऱ्या चेहऱ्याचा फोटो आणि नाव असं: ‘ला. अमुक तमुक, एमजेएफ’. किंवा ‘रो. अमुक तमुक, पीएचएफ’. पाहणाऱ्याला वाटतं, एमजेएफ ही डॉक्टरकीची कुठलीतरी डिग्री असणार.

तर ती डिग्री नाही. आणि ‘ला.’ म्हणजे लालाही नाही.

‘ला.’ म्हणजे लायन, ‘रो.’ म्हणजे रोटेरियन. एमजेएफ म्हणजे मेल्विन जोन्स फेलो. मेल्विन जोन्स हे शिकागोचे विमा व्यावसायिक, त्यांनी १९१७ मध्ये लायन्स क्लब सुरू केला. लायन्सच्या आंतरराष्ट्रीय फाउंडेशनला एक हजार डॉलर दिले की हा सन्मान मिळतो. रोटरीमध्ये त्याच रकमेला पॉल हॅरिस फेलो, म्हणजेच पीएचएफ म्हणतात. पॉल हॅरिस हे वकील, तेही शिकागोचेच, आणि रोटरीची पहिली बैठक झाली २३ फेब्रुवारी १९०५ ला. गंमत म्हणजे हे पैसे दुसऱ्या कुणाच्या नावानेही भरता येतात. म्हणजे बॅनरवरच्या माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत की कुणीतरी त्याचा सत्कार म्हणून भरलेत, हे त्या तीन अक्षरांवरून कळत नाही.

आणखी एक घोळ होतो तो ‘गव्हर्नर’ या शब्दाचा. रोटरी आणि लायन्समध्ये अनेक क्लब मिळून एक डिस्ट्रिक्ट बनतो आणि त्याच्या प्रमुखाला डिस्ट्रिक्ट गव्हर्नर म्हणतात. मराठी बातम्यांमध्ये त्याचं ‘प्रांतपाल’ होतं. ‘माजी प्रांतपाल’ वाचून राजभवनात राहून आलेला माणूस समजू नका.

आता मुद्द्याचं. रोटरी असो, लायन्स असो किंवा जायंट्स, प्रत्येक क्लब सांगतो की आमच्याकडे पक्षीय राजकारण चालत नाही. रोटरीच्या नियमांनुसार क्लबला निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. तरी दर जुलैमध्ये पदग्रहण सोहळ्याला प्रमुख पाहुणे कोण असतात? आमदार, नगरसेवक, मंत्री. आणि वॉर्डात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या डॉक्टर, बिल्डर किंवा शाळेच्या संस्थाचालकाच्या परिचयपत्रकात ‘माजी अध्यक्ष, अमुक क्लब’ ही ओळ ठळक का छापलेली असते?

राजकारण नाही, म्हणूनच राजकारण्याला उपयोगी

रोटरीची मूळ रचना बघितली की हे लक्षात येतं. सुरुवातीचा नियम असा होता की एका व्यवसायातला एकच माणूस क्लबात घ्यायचा. एक वकील, एक डॉक्टर, एक छापखानेवाला, एक कोळसा व्यापारी. पुढे हा नियम सैल झाला, पण परिणाम टिकला. दर आठवड्याला जेवायला बसणाऱ्या त्या टेबलावर गावातल्या प्रत्येक धंद्याचा एक माणूस असतो आणि कुणी कुणाचा स्पर्धक नसतो.

राजकारणात नव्याने येणाऱ्या माणसाला याहून काय हवं असतं? पक्षात त्याला फक्त पक्षाची माणसं भेटतात. इथे विरोधी पक्षाचा देणगीदारही शेजारी बसून सूप पितो. पक्षाचा विषय काढायचा नाही असा नियम असल्यामुळेच दोघं एका टेबलावर बसू शकतात. शिवाय बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, ठराव मांडणं, वर्गणी गोळा करणं, पाहुण्यांचे आभार मानताना कुणाचं नाव राहून जाणार नाही हे बघणं, याची सवय होते. आभार प्रदर्शनात चूक न करणारा माणूस निवडणुकीत किती पुढे जातो, हे कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा.

मोठी नावं मात्र जरा जपून वापरावीत. ‘चर्चिल रोटेरियन होते, केनेडी रोटेरियन होते’ अशा पोस्ट फिरतात. क्लब अनेक नेत्यांना मानद सदस्यत्व देतात. मानद सदस्याला वर्गणी नसते, मताचा अधिकार नसतो आणि पदही घेता येत नाही. दर मंगळवारी हजेरी लावणारा सदस्य वेगळा आणि एकदा हार घालून घेतलेला मानद सदस्य वेगळा. पाहुणा म्हणून येणारा तर त्याहून वेगळा. १९२५ मध्ये गांधीजी कलकत्त्याच्या रोटरीत चरख्यावर भाषण द्यायला गेले होते, म्हणून ते काही रोटेरियन ठरत नाहीत.

खरे सदस्य असलेल्या नेत्यांची गोष्ट मुंबईत सुरू होते ती रोटरीच्या कितीतरी आधी. रोटरी क्लब मुंबईत आला १९२९ मध्ये, लायन्स १९५६ मध्ये. त्याआधी जवळपास शंभर वर्षं एक वेगळंच टेबल होतं, आणि त्याचं दार बंद होतं.

माणकजी कर्सेटजींना मुंबईत ‘ब्रदर’ व्हायचं होतं

फ्रीमेसनरी हे नाव रील्समुळे सगळ्यांना माहीत आहे. त्रिकोणातला डोळा, इल्युमिनाती, जग चालवणारे तेरा लोक वगैरे. प्रत्यक्षात १७१७ मध्ये लंडनमध्ये चार लॉज एकत्र येऊन त्यांची ग्रँड लॉज बनली आणि तिथून ही बंधुसंस्था पसरली. लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. दीक्षाविधी गुप्त, खुणा गुप्त, पण संस्था गुप्त नाही. मुंबईत फोर्टमध्ये स्टर्लिंग सिनेमाजवळ तिचा फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. एकोणिसाव्या शतकात देशात अनेक ठिकाणी लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणायचे, कारण रात्री साहेब लोक एप्रन बांधून आत जायचे आणि आत काय चालतं ते कुणी सांगायचं नाही.

लॉजमध्ये दोन विषय वर्ज्य होते, धर्म आणि राजकारण. सर्व माणसं बंधू, एका परमेश्वराला मानणारा कोणीही सदस्य होऊ शकतो, असं तत्त्व. कागदावर.

माणकजी कर्सेटजी हे मुंबईतले पारशी गृहस्थ. पुढे ते स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश झाले आणि मुलींच्या शिक्षणासाठी अलेक्झांड्रा स्कूल उभी करण्यात पुढे होते. त्यांनी तत्त्व वाचलं आणि सदस्य व्हायची इच्छा व्यक्त केली. मुंबईच्या युरोपियन लॉजने दार उघडलं नाही. माणकजी युरोपात गेले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन आले. म्हणजे आता ते रीतसर ‘ब्रदर’ होते. तरी मुंबईच्या लॉजला ते आपल्यात नकोच होते.

बंधू तर आहे, पण आमच्या टेबलावर नको. ही अडचण सोडवली डॉ. जेम्स बर्न्स यांनी. कंपनीच्या नोकरीतले हे स्कॉटिश डॉक्टर पश्चिम भारतातल्या स्कॉटिश मेसन्सचे प्रमुख होते. (काबूलमध्ये १८४१ ला मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स यांचे ते सख्खे भाऊ.) त्यांनी १५ डिसेंबर १८४३ रोजी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची नवीन लॉज काढली, खास भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. शपथ बायबलवरच घ्यायची असं नाही, आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची. भारतातल्या लॉजमध्ये अनेक धर्मग्रंथ शेजारी शेजारी ठेवायची पद्धत आजही आहे.

याला उदारपणा म्हणावं की वेगळी पंगत बसवणं म्हणावं, हा प्रश्न तेव्हाही होता. आणि ही पंगतसुद्धा सगळ्यांसाठी नव्हतीच. पारशी आणि मुसलमान एकेश्वरवादी म्हणून चालले, पण हिंदूंचं काय? अनेक देव मानतात, शिवाय जात पाळतात, मग ‘सर्व बंधू’ ही शपथ कशी घेणार, असा आक्षेप यायचा. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला होता. त्यांना प्रवेश मिळाला १८७२ मध्ये, नऊ वर्षं भांडल्यावर. ज्या ‘अँकर अँड होप’ लॉजने त्यांना घेतलं, त्याच लॉजमध्ये १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त हा तरुण दाखल झाला. पुढे आपण त्यांना स्वामी विवेकानंद म्हणून ओळखलं.

मुंबईत यातून काय झालं ते बघा. दादाभाई नौरोजी फ्रीमेसन. फिरोजशहा मेहता फ्रीमेसन. बद्रुद्दिन तय्यबजी फ्रीमेसन. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हेही फ्रीमेसन. समाजसुधारक आणि विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा यांचं तर मेसनरीत इतकं वजन होतं की त्यांच्या सदस्यत्वाच्या पन्नाशीनिमित्त एक गौरवग्रंथच निघाला. पुढच्या पिढीत मोतीलाल नेहरू कानपूरच्या ‘हार्मनी’ लॉजचे सदस्य होते.

इथे एक सावधगिरी. २८ डिसेंबर १८८५ ला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा त्यातले काहीजण मेसन होते. याचा अर्थ ‘काँग्रेस फ्रीमेसन्सनी काढली’ असा होत नाही. तीच माणसं मुंबई महापालिकेत होती, तीच विद्यापीठात होती, मेहता, तय्यबजी आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी त्याच वर्षी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली होती. काँग्रेस सुरू करण्यात पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम थिऑसॉफिकल सोसायटीत होते. १९१७ च्या काँग्रेस अध्यक्ष ॲनी बेझंट तर दोन्हीकडे: थिऑसॉफिस्ट आणि स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या को-मेसनरीच्या पुढारी. म्हणजे शहरात पाच-सहा टेबलं होती आणि तीच तीस-चाळीस माणसं आलटून पालटून सगळ्यांवर बसत होती.

पण लॉजमध्ये एक गोष्ट अशी होती जी त्या काळच्या सरकारी कचेरीत कधीच मिळाली नसती. तिथे गोरा आणि काळा एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणायचे आणि प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने व्हायची. नवा सदस्य घ्यायचा की नाही हे ठरवायला पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकायचे, आणि काळी गोटी पडली की माणूस बाहेर. इंग्रजीत एखाद्याला ‘ब्लॅकबॉल’ करणं हा शब्द अशाच मतदानातून आला. हिंदुस्थानी माणसाला सरकार निवडायचा अधिकार नव्हता, तेव्हा काही मोजक्या हिंदुस्थानी माणसांच्या हातात एका इंग्रज माणसाला नाकारणारी गोटी होती. फिरोजशहांसारख्या माणसाला याचा अर्थ समजला नसेल असं मानणं कठीण आहे. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि वांद्र्याचं गटार तुंबलं की आजही ज्या कायद्याखाली तक्रार होते तो हाच कायदा.

वांद्र्याची पंगत वेगळी का बसली?

वांद्रे तेव्हा मुंबई शहरात नव्हतंच. १८७६ पासून त्याची स्वतःची नगरपालिका होती आणि ते बृहन्मुंबईत आलं १९५० मध्ये. रानवर, चुईम, पाली, चिंबई अशी गावठाणं, भातशेती, आणि वस्तीत मोठा भाग ईस्ट इंडियन ख्रिस्ती, म्हणजे मराठीची बोली बोलणारे इथलेच मूळ कॅथलिक.

कॅथलिक माणसाला फ्रीमेसन होता येत नव्हतं. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ मध्येच बंदी घातली होती आणि ती उठलेली नाही. इतकंच काय, १९५१ मध्ये व्हॅटिकनने फतवा काढून धर्मगुरूंना रोटरीचं सदस्य व्हायलाही मनाई केली आणि सामान्य कॅथलिकांना सावध राहायला सांगितलं. त्यामुळे फोर्टातल्या पारशी वकिलाची जी शिडी होती, ती वांद्र्याच्या कॅथलिक वकिलाला उपलब्धच नव्हती.

मग या समाजाने आपली टेबलं स्वतः बनवली. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली. १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी आली, जिच्या प्लॉटवर वांद्रे पश्चिमचा बराच भाग वसला. शिष्यवृत्ती, घरं, पतपेढी, आणि पॅरिशच्या मंडळांमध्ये हिशेब लिहिण्याची सवय. याच समाजातले, पण माझगावचे, काका जोसेफ बॅप्टिस्टा १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले ते टिळकांच्या होमरूल लीगमधून आणि कामगार संघटनांमधून वर येऊन.

ज्यांच्यासाठी कुठलंच टेबल नव्हतं

पारशी, मुसलमान, उच्चवर्णीय हिंदू, कॅथलिक. यादीत कोण नाही ते उघड आहे.

९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बैठक बोलावली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचं काम एखाद्या सेवाभावी क्लबसारखंच वाटेल: वसतिगृह, वाचनालय, शिक्षण. फरक एवढाच की इथे सेवा घेणारे आणि संस्था चालवणारे एकाच वस्तीतले होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते. सभेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सर चिमणलाल सेटलवाड यांना घेतलं, आणि उपाध्यक्षांमध्ये मेयर निसीम, रँग्लर परांजपे अशी नावं होती. यात हिशेब होता. शहरातल्या प्रतिष्ठित टेबलांवरची माणसं आपल्या कागदावर आणायची, पण सूत्रं आपल्या हातात ठेवायची.

त्या उपाध्यक्षांमध्ये एक सॉलिसिटर होते, बाळ गंगाधर खेर. हेच बाळासाहेब खेर पुढे मुंबई प्रांताचे पंतप्रधान आणि स्वातंत्र्यानंतर मुख्यमंत्री झाले. वांद्रे पूर्वेला खेरवाडी सिग्नलला रिक्षा अडकल्यावर जे नाव दिसतं ते यांचंच.

पुण्यात तर याहून कडक प्रयोग झाला होता. रोटरी जन्माला आली त्याच वर्षी, १२ जून १९०५ ला, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. इथे आठवड्याचं जेवण नव्हतं, आयुष्यभराची शपथ होती आणि पोटापुरतं मानधन. त्यातलेच ना. म. जोशी मुंबईत आले, १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली, आणि नंतर मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. सेवा आधी, सभागृह नंतर. आज हा क्रम उलटाही चालतो.

मुंबईने स्वतः काढलेला क्लब

शिकागोहून आलेले क्लब बरेच, पण एक मुंबईत जन्मला. नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये जायंट्स इंटरनॅशनल सुरू केलं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातही ‘जायंट्स ग्रुप ऑफ’ आणि ‘जायंट्स सहेली’ असे फलक दिसतात, ते याचेच. नाना मुंबईचे नगरपाल होते, त्यांना २००५ मध्ये पद्मश्री मिळाली. जुन्या मुंबईकरांना ते आठवतात मरीन ड्राइव्हवरच्या त्यांच्या बॅनरमुळे, ज्यावर दर काही दिवसांनी सत्तेत असलेल्यांना एका ओळीत चिमटा असायचा. आजच्या भाषेत ते शहराचं ट्विटर होतं, फक्त अकाउंट एकाच माणसाचं.

स्वतः नाना पक्षाच्या राजकारणात मुरले नाहीत. त्यांची मुलगी शायना एनसी मात्र २००४ मध्ये भाजपमध्ये गेल्या, जायंट्सचं कामही सांभाळलं, आणि २०२४ च्या विधानसभेला शिंदेंच्या शिवसेनेकडून मुंबादेवीतून लढल्या. तिथे काँग्रेसचे अमीन पटेल जिंकले. क्लबातली ओळख शहरभर असते, मतदारसंघ मात्र गल्लीबोळात मोजला जातो, हा धडा अनेक क्लबवाल्या उमेदवारांना मिळालेला आहे.

वांद्र्यात दत्त कुटुंबाने वेगळी वाट धरली. नर्गिस या स्पॅस्टिक्स सोसायटीच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकी होत्या, राज्यसभेवर गेल्या. सुनील दत्त आधी मुंबईचे नगरपाल आणि मग १९८४ पासून वायव्य मुंबईचे खासदार. नर्गिस यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने फाउंडेशन झालं आणि पुढे प्रिया दत्त यांनी ते काम पाहिलं.

आणि आजचा नेता बहुतेक याच वाटेने जातो. क्लबात जाण्यापेक्षा स्वतःचं प्रतिष्ठान काढतो. ठाण्यात प्रताप सरनाईकांचं संस्कृती युवा प्रतिष्ठान, जितेंद्र आव्हाडांचं संघर्ष प्रतिष्ठान, दोन्ही नावं दहीहंडीमुळे राज्यभर पोचली. वह्यावाटप, आरोग्य शिबिर, कोकणात गणपतीला बस. काम क्लबसारखंच. फरक खुर्चीचा आहे. रोटरीत ३० जूनला अध्यक्षाची मुदत संपते आणि १ जुलैला नवा अध्यक्ष येतो, कितीही लाडका असला तरी. प्रतिष्ठानच्या अध्यक्षाची मुदत सहसा संपत नाही, आणि संपलीच तर खुर्ची घरातच राहते.

बाहेरच्या जगात हे कुठवर गेलं?

सगळ्यात चांगलं उदाहरण जिमी कार्टर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या छोट्या गावात ते शेंगदाण्याचा व्यापार करायचे आणि लायन्स क्लबात होते. १९६८-६९ मध्ये ते लायन्सचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर होते, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतपाल. गावोगावच्या क्लबांना भेटी देणं हे त्यांचं काम. १९७० मध्ये ते जॉर्जियाचे गव्हर्नर निवडून आले, या वेळी खरेखुरे. त्याच कार्टरना १९५० च्या दशकात गावातल्या दुसऱ्या एका संघटनेने बोलावलं होतं. व्हाइट सिटिझन्स कौन्सिल, काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत येऊ न देण्यासाठी बनलेली. गावातले गोरे पुरुष सामील झाले, कार्टर झाले नाहीत आणि त्यांच्या धंद्यावर काही काळ बहिष्कार पडला. सभ्य कपडे, वर्गणी, ठराव, चहापान. दोन्ही टेबलं लांबून सारखीच दिसत असणार.

सगळ्यात वाईट उदाहरण इटलीचं. मार्च १९८१ मध्ये पोलिसांनी लिचिओ जेल्ली नावाच्या माणसाच्या जागेवर छापा टाकला आणि ‘प्रोपगंडा दुए’ या मेसॉनिक लॉजची ९६२ नावांची यादी सापडली. मंत्री, खासदार, लष्कराचे आणि गुप्तहेर खात्याचे अधिकारी, न्यायाधीश, पत्रकार. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी हे तेव्हा उद्योगपती, त्यांचंही नाव होतं. सरकार पडलं, लॉजवर बंदी आली. बेर्लुस्कोनी पुढे तरी पंतप्रधान झालेच.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या न्यायाधीशांना फ्रीमेसन आहात का ते सांगावं लागायचं. २००९ मध्ये ती अट काढली.

महिलांसाठी दार किती उशिरा उघडलं तेही बघा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९८७ मध्ये रोटरीविरुद्ध निकाल दिला, लायन्सनेही त्याच वर्षी महिलांना घेतलं. तोपर्यंत बायका ‘इनर व्हील’ आणि ‘लायनेस’मध्ये, म्हणजे पुन्हा वेगळ्या पंगतीत. पंचायत आणि पालिकेत महिलांना आरक्षण देणारी घटनादुरुस्ती भारतात त्यानंतर पाच वर्षांनी मंजूर झाली.

मग वांद्र्याच्या मतदाराला काय कळू शकतं?

उमेदवारीसोबतच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहावं लागतं. कोणत्या क्लबात, लॉजमध्ये किंवा प्रतिष्ठानात आहात, असा रकाना त्यात नाही. ‘अमुक नेता फ्रीमेसन होता’ अशी पोस्ट आली तर लॉजचं नाव आणि प्रवेशाचं वर्ष दिलंय का एवढं बघा. विवेकानंदांच्या बाबतीत दोन्ही सांगता येतं. व्हॉट्सॲपवरच्या बहुतेक याद्यांमध्ये दोन्ही नसतं.

शिबिराच्या बॅनरबाबत मात्र सोपा मार्ग आहे. प्रतिष्ठान किंवा क्लबाचा धर्मादाय ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असतो. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मिळाला की त्याच्या ‘शेड्युल वन’मध्ये विश्वस्तांची नावं आणि मालमत्ता दिसते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो शेवटचा कधी दाखल झाला आणि विश्वस्तांमध्ये एकाच आडनावाचे किती, हे तिथे वाचता येतं.